थंडीत धरणाच्या पाण्याखाली (मासे कमी, गाळ फार)

तळ्यात-मळ्यात | ११ जानेवारी, रात्री १०.४०

मंडळी, सह्याद्रीच्या डोंगरांवर चढण्याचे धागे इथे पोत्याने आहेत. त्याच डोंगरांच्या पायथ्याशी जे पाणी अडवून ठेवलंय, त्याच्या आत उतरण्याबद्दल मात्र शोधूनही एक ओळ मिळाली नाही. म्हणून हा धागा. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

स्कूबा शिकलो मालवणात. आधी ती पर्यटकांची वीस मिनिटांची डुबकी, मग चटक लागून रीतसर कोर्स. सहा वर्षांत साठेक डाइव्ह झाल्या, सगळ्या खाऱ्या पाण्यात. पुण्यात असताना हवेच्या टाकीशी संबंध येतो तो तरणतलावात. आमचे सर तिथे शनिवारी नवशिक्यांना शिकवतात, मी हमाली करायला जातो. डिसेंबरअखेर सर म्हणाले, "एका धरणात पिंजऱ्यात मासे पाळणारे ओळखीचे आहेत. जाळ्यांचे तळ आणि नांगर बघून द्यायचेत. बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, म्हणून येतोस का?" मी हो म्हणून बसलो आणि घरी येऊन हवामान बघितलं. एनडीएकडे पारा ९ वर.

जागेचं नाव मुद्दाम देत नाही. पिंजरेवाल्यांकडे ठेक्याचे कागद होते, खात्याला आधी कळवलेलं होतं, होडी होती, काठावर दोन माणसं होती. यातलं काहीच नसताना नुसतं नाव वाचून रविवारी कोणी टाकी घेऊन पोचलं, तर ते पाप माझ्या डोक्यावर नको.

सकाळी सातला पोचलो तेव्हा पाण्यावरून वाफा निघत होत्या. हवा ९ अंश, पाणी २२. हात घातला की चक्क ऊब लागते आणि माणूस तिथेच फसतो. २२ अंशांच्या हवेत आपण पंखा लावावा की नको याचा विचार करतो. २२ अंशांचं पाणी अर्ध्या तासात दात वाजवतं, कारण हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ते अंगातली ऊब ओढून नेतं. मालवणात मी ३ मिलिमीटरचा सूट घालतो, इथे सरांनी ५ चा दिला आणि वर कानटोपीसारखा हूड. हा सूट चढवणं हाच निम्मा व्यायाम. पायात भाजीची पातळ पिशवी घालून मग पाय सरकवायचा, सर्रकन जातो. (त्या पिशवीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे म्हणे. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.)

मग शिशाचं गणित, म्हणजे खाली जाता यावं म्हणून कमरेच्या पट्ट्यात घालायच्या वजनाचं. समुद्राचं पाणी लिटरला साधारण १०२५ ग्रॅम भरतं, धरणाचं १०००. मी, टाकी, सूट मिळून शंभरेक लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे गोड्या पाण्यात अडीच किलो शिसं कमी लागायला हवं. पण सूट जाड, त्याच्या रबरात हवेचे बुडबुडे जास्त, तो वर खेचणार. काढलेलं बरंचसं शिसं परत पट्ट्यात गेलं. नेहमीचे ६ किलो होते, झाले साडेपाच. एवढ्यासाठी काठाजवळ गुडघाभर ते गळाभर पाण्यात वीस मिनिटं वर-खाली केलं. मला कंटाळा आला, सरांना येत नाही.

उतरलो. पहिले दोन मीटर हिरवट, ऊन चाळणीतून पडावं तसं. चारला तपकिरी. सातला हात लांब केला की बोटं दिसत होती आणि त्यापुढे सरांच्या टॉर्चचा नुसता पिवळा गोळा. वर आल्यावर सर म्हणाले, हे वर्षातलं सगळ्यात निवळ पाणी! पावसाळ्यात आलेला गाळ बसायला दिवाळी उलटते आणि उन्हं तापली की शेवाळ धरतं. मधले हे दोन-अडीच महिने काय ते खरे.

खाली गेल्यावर आणखी गार लागेल या भीतीने मी दात आवळून होतो. तसं झालंच नाही. १२ मीटरला २१ अंश, बस. उन्हाळ्यात इथे वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार राहतं आणि मध्ये पडदा धरल्यासारखा फरक पडतो. त्या पडद्याखालचं पाणी महिनोन्‌महिने हवेला भेटत नाही, प्राणवायू संपतो, कुजक्या अंड्याचा वास धरतं. थंडीत रात्री वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, खालचं वर येतं. असं करत अख्खं धरण ढवळून निघतं. शाळेत हे वाचलं असणार, पण हनुवटीला आणि घोट्याला एकच गारवा लागल्यावर ते कळलं.

पिंजऱ्यांचं काम पटकन झालं. खालून बघताना तिलापियांचा ढग डोक्यावर फिरत होता. एका जाळ्याच्या तळाला वीतभर भोक सापडलं, ते सरांनी शिवलं. मग नांगराच्या दोराला धरून उतारावर ९ मीटरपर्यंत गेलो आणि तिथे मी माती खाल्ली. डाव्या पायातल्या फिनला कोणाच्या तरी जुन्या जाळ्याचा तंगूस (नायलॉनचा धागा) अडकला. अशा वेळी थांबायचं असतं, हे मी स्वतः दर शनिवारी पोरांना सांगतो. मी झटका दिला. तळाचा गाळ जो उठला, तो थेट चष्म्यापर्यंत. टॉर्च लावला तर समोर दुधाची भिंत, बंद केला तर अमावास्या. हाताला एक दगड लागला, तो धरून बसलो आणि श्वास मोजले. सर दोन हातांवर होते, मला दिसत नव्हते. दोघांच्या मनगटांत बांधलेली दोरी मात्र ताणलेली होती, त्या दोरीवर माझा तो दिवस निभावला. त्यांनी चाचपत येऊन तंगूस कापला. किती वेळ गेला? डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतो तीन मिनिटं. मी अर्धा तास सांगितला असता.

गाळ हळूहळू उताराकडे सरकला आणि मी काय धरून बसलोय ते दिसलं. रचलेले दगड. एकावर एक, सांध्यांत चिपा मारलेल्या, वर शेवाळाची साय. बोट लागलं की धूर व्हायचा. एका फटीतून झिंग्याच्या दोन मिश्या बाहेर. टॉर्च फिरवला तर ती रांग दोन्हीकडे अंधारात गेलेली. कमरेएवढी उंच, आणि मी होतो तिथेच हातभर खंड, त्या खंडात एक सपाट शिळा. शेताचा बांध होता तो. पलीकडे, खालच्या अंगाला, असाच दुसरा. मी कोणाच्या तरी शेतात, वरून उतरून, बसलो होतो.

बाहेर येणं हा सगळ्यात वाईट भाग. ओला सूट आणि डोंगरावरून येणारा वारा. पिंजऱ्यावरच्या माणसाने स्टीलच्या पेल्यात चहा दिला, तो मी प्यायच्या आधी पाच मिनिटं नुसता धरून होतो.

आता प्रश्न. कोणी पुण्याच्या आसपास गोड्या पाण्यात डाइव्ह केली आहे का? थंड पाण्याची सवय असलेल्यांनी सुटाबद्दल सांगावं. चार फोटो डकवतोय.

पाणउतारा | ११ जानेवारी, रात्री ११.०५

आम्ही नदीकाठच्या सोसायटीतले. दर दोन-चार पावसाळ्यांत पार्किंगमध्ये डाइव्ह करतो, गाळ अगदी असाच, शिवाय आत माझी ॲक्टिव्हा दिसते. सूट लागत नाही, मेन्टेनन्स लागतो.

बाकी लेख झकास. वाचनखूण साठवली.

भोचक भवानी | ११ जानेवारी, रात्री ११.२०

फोटो दिसत नाहीयेत. आणि धरण कुठलं ते निदान व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा की.

तळ्यात-मळ्यात | ११ जानेवारी, रात्री ११.३२

भवानीताई, व्यनिसुद्धा नाही. फोटो परत चढवतो. फार आशा ठेवू नका, चारपैकी तीन फोटोंत तपकिरी रंग आहे आणि चौथ्यात माझा अंगठा.

म्युनिकर | १२ जानेवारी, पहाटे ३.१५

(इथे रात्रीचे पावणेअकरा, चुकीच्या वेळी जागा नाही!)

२१ अंश? अहो, आमच्याकडे एवढं पाणी तापलं की लोक सहकुटुंब पोहायला येतात. मी गेली चार वर्षं हिवाळ्यात आल्प्सच्या पायथ्याच्या वाल्खनझेमध्ये उतरतो. तळं समुद्रसपाटीपासून ८०० मीटरवर, खोली १९० च्या आसपास, आणि आत्ता पाणी ४ ते ५ अंश. तुमच्या उलट, थंडीत इथे दृष्टी इतकी लांब पोचते की खाली जाताना आपण किती खोल आलो याचा अंदाज राहत नाही. तोच धोका.

४ अंशांना पाणी सगळ्यात जड. त्यामुळे वर बर्फ धरला तरी तळ ४ वरच थांबतो, म्हणून मासे जगतात आणि आमच्यासारखे वेडे उतरतात. तुमच्यासारख्या, आत पाणी शिरणाऱ्या वेट सुटाचा इथे उपयोग नाही, ड्राय सूट लागतो. आत लोकरीचे कपडे आणि हवा, पाणी फक्त चेहऱ्याला. पण ती हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन फुग्यासारखा वर जातो, म्हणून त्याचा वेगळा कोर्स. मी पहिल्या दिवशी उलटा झालो. दोन जर्मन आजोबा काठावर सँडविच खात बघत होते.

खरी भीती रेग्युलेटरची, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब उतरवून ती तोंडाशी देणाऱ्या यंत्राची. टाकीतल्या २०० बारच्या हवेला पहिला टप्पा एका फटक्यात भोवतालच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार वर, इतक्यावर आणून सोडतो. हवा पसरली की गार होते. डिओचा डबा दाबून धरला की बोटं गारठतात तसंच. पाणी आधीच ४ अंश असेल तर आत बर्फ धरतो, झडप उघडीच राहते आणि हवा भसाभसा सुटते. टाकी बघता बघता रिकामी. म्हणून युरोपात १० अंशांखालच्या पाण्यासाठी रेग्युलेटरची वेगळी चाचणी असते, आणि आम्ही टाकीला दोन तोट्या, दोन वेगळे पहिले टप्पे लावतो. तुम्हाला २१ अंशांत ही काळजी नाही. हेवा वाटतो.

सुटाबद्दल: ५ पुरे आहे. दुसरी डाइव्ह करणार असाल तर ७ घ्या, शरीर पहिल्या डाइव्हची थंडी विसरत नाही. थर्मासमध्ये कोमट पाणी न्या आणि उतरायच्या आधी गळ्यातून सुटात ओता. जे सुख मिळतं ते लिहिण्यासारखं नाही.

खडूस सदाशिव | १२ जानेवारी, सकाळी ८.१०

म्हणजे आम्ही सकाळी जे पितो त्यात तुम्ही रात्रभर घामेजलेला रबरी सूट घालून उतरता. वा. हे पाणी पिण्यासाठी आहे याची कोणाला आठवण आहे का? आणि लघवीचं काय, ते लेखात सोयीस्कररीत्या गाळलंय.

तळ्यात-मळ्यात | १२ जानेवारी, सकाळी ९.००

सदाशिवराव, प्रश्न रास्त आहे. सूट आदल्या रात्री धुऊन वाळवला होता, अंगाला मलम-तेल काही नव्हतं. दुसऱ्या मुद्द्यावर मी वकिलाशी बोलून कळवतो.

डॉ. कानगोष्टी | १२ जानेवारी, दुपारी १.४५

वकील कशाला, मी सांगतो. गार पाण्यात उतरलं की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यात पाण्याचा दाब, त्यामुळे रक्त छाती-पोटाकडे सरकतं. शरीराला वाटतं रक्त जास्त झालं, मग मूत्रपिंडं कामाला लागतात. सगळ्यांना होतं, लाजायचं कारण नाही. पण त्यामुळे अंगातलं पाणी कमी होतं, आणि अंग सुकलेलं असेल तर खालच्या दाबात रक्तात विरलेल्या नायट्रोजनचे वर येताना बुडबुडे धरण्याचा धोका वाढतो असं मानतात. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत. प्या.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, त्यामुळे माझा खरा राग सर्दीवर. जानेवारीत पुण्यात निम्मी जनता शेंबडी असते. कान मोकळे होत नसतील तर उतरू नका. गोळी घेऊन, नाकात थेंब टाकून उतरणारे महाभाग माझ्याकडे येतात. खाली असताना औषधाचा असर उतरला की वर येताना हवा आत कोंडते, आणि मग जे दुखतं ते बाळंतपणाशी तुलना करून सांगतात. (पुरुष. बायका अशी तुलना करत नाहीत.)

डाइव्हनंतर लगेच कढत पाण्याने अंघोळ नको. अंग एकदम तापलं की रक्तात विरलेला वायू बाहेर पडायला बघतो. चहा प्यायलात ते ठीक. नंतर सांधे दुखणं, मुंग्या येणं, विचित्र थकवा असं काही झालं तर "थंडीने असेल" म्हणून झोपू नका. दाब-कक्षात उपचार कुठे मिळतील ते आधीच विचारून ठेवा. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ती सोय आहे.

शिवडी लोकल | १२ जानेवारी, दुपारी ४.२०

भारीच! पुढच्या वेळी मला न्याल का? शनिवारी पहाटे निघून एक्स्प्रेसवेने नऊला पोचेन, रात्री परत. कोर्स झालेला आहे, २२ डाइव्ह.

तळ्यात-मळ्यात | १२ जानेवारी, रात्री ९.५०

शिवडीकर, नेण्याचं सरांच्या हातात. पण तुमच्या बेतात एक गोम आहे, ती मलाही परवाच कळली, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याला वाटतं उंचीवरची डाइव्ह म्हणजे लडाखमध्ये. स्कूबाच्या पुस्तकात उंची ३०० मीटरपासून सुरू होते. पुणं साडेपाचशेवर, आसपासची धरणं सहाशेच्या आगेमागे. ६०० मीटरला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे ७ टक्के कमी. खालून वर आलो की शरीर किनाऱ्यावरच्यापेक्षा कमी दाबात येतं, म्हणजे सोड्याची बाटली जरा जास्तच उघडल्यासारखं. म्हणून इथले १५ मीटर तक्त्यात १६ च्या वर धरायचे. बरेच कॉम्प्युटर हे आपोआप करतात. माझ्या जुन्या कॉम्प्युटरला हाताने सांगावं लागतं, आणि सरांनी विचारलं नसतं तर मी मालवणच्याच सेटिंगवर उतरलो असतो.

आता तुमचं. आम्ही पुणेकर या दाबातच झोपलेले असतो. तुम्ही शिवडीहून, म्हणजे समुद्राच्या काठावरून, घाट चढून दोन-तीन तासांत इथे येणार. तुमच्या अंगात त्या क्षणी आमच्यापेक्षा जास्त नायट्रोजन मुरलेला असतो, एक डाइव्ह आधीच करून आल्यासारखा. सहाएक तास इथे काढले की तो निघून जातो. म्हणून शुक्रवारी रात्रीच या. आमच्याकडे राहा, गाद्या आहेत. मुंबईकरांनी पुण्यात येऊन आधी थोडं थांबावं आणि मग बोलावं, हे आम्ही उगाच म्हणत नाही.

यातूनच दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मी जरा हादरलो. मालवणला दोन दिवसांत चार डाइव्ह मारून दुपारी जेवून गाडी काढायची आणि आंबोलीमार्गे रात्री घरी, हे मी वर्षानुवर्षं केलंय. आंबोली ६९० मीटरवर. डाइव्हनंतर विमान कधी पकडावं याचे डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचे आकडे आहेत: एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास थांबा, अनेक असतील तर १८. ते २,००० फुटांपासून पुढच्या उंचीला लागू धरतात. ६९० मीटर म्हणजे २,२०० फुटांच्या वर! म्हणजे आंबोलीला धुक्यात थांबून मक्याचं कणीस खाताना मी हिशेबाने विमानात बसलेला होतो. मला काही झालं नाही, पण यापुढे शेवटचा दिवस किल्ला बघायचा आणि सोलकढी प्यायची.

शिवडी लोकल | १२ जानेवारी, रात्री १०.१५

शुक्रवारी येतो. गादी राखून ठेवा. टोमणा पोचला.

पाटकरी | १३ जानेवारी, सकाळी ६.३०

धागाकर्त्यांनी नाव दिलं नाही ते उत्तम केलं. मी पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढली, सात वर्षं एका धरणावरच. हौशी मंडळींनी चार शब्द ऐकावेत.

वरून शांत दिसणारं धरण जानेवारीत शांत नसतं. रब्बीचं आवर्तन चालू असतं, म्हणजे विमोचकातून (धरणाच्या भिंतीतल्या दरवाजातून) कालव्याला पाणी सुटलेलं असतं. वर एक तरंग दिसणार नाही आणि खाली पाणी ओढलं जात असतं. एक फूट व्यासाचा पाइप घ्या, वर १० मीटर पाणी. त्या तोंडावर माणूस आडवा बसला तर त्याला पाऊण टनाच्या आसपास जोर चिकटवून ठेवतो. वरून चार जणांनी दोर ओढून तो सुटत नाही. दरवाजा बंद करणं हा एकच उपाय, आणि दरवाजा बंद करणारा माणूस त्या वेळी जेवायला गेलेला असतो. आमच्याकडे जाळी दुरुस्तीला पाणबुडे यायचे तेव्हा दरवाजा बंद, त्याला कुलूप आणि किल्ली पाणबुड्याच्या मुकादमाच्या खिशात, असा नियम मी लावला होता. वरचे साहेब हसायचे. मी किल्ली दिली नाही.

जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), उपशाच्या मोटारी, भिंत, सांडवा यांच्या जवळ जायचंच नाही. तुम्ही पिंजऱ्यापाशी, उतारावर होतात ते बरं. तरी पुढच्या वेळी आवर्तन कधी आहे ते शाखा कार्यालयात विचारून मगच तारीख धरा.

पानशेत फुटलं तेव्हा, १९६१ साली, मी चौथीत होतो. नारायण पेठेत आमच्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर गाळ होता. पाण्याखाली मजा म्हणून जाता येतं हे आज पहिल्यांदा वाचलं. वाचताना मौज वाटली, हेही कबूल करतो.

तळ्यात-मळ्यात | १३ जानेवारी, सकाळी ७.४०

काका, नमस्कार. आवर्तनाचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. खात्याला कळवलं होतं ते पिंजरेवाल्यांनी, दरवाजा चालू की बंद हे मी कोणालाच विचारलं नाही. किल्लीचा नियम सरांना दाखवला. ते म्हणाले, यांना एकदा शनिवारी तरणतलावावर बोलवायचं, पोरांशी बोलायला. याल का?

पाटकरी | १३ जानेवारी, सकाळी ८.०५

येईन. तलावाचं पाणी गरम असतं ना?

पाणउतारा | १३ जानेवारी, सकाळी ११.३०

अवांतर: बुडालेलं बघायचंच असेल तर टाकी कशाला? मे महिन्यात जा. पवनेच्या पाण्यातलं वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं, उजनीतलं पळसदेवचं पळसनाथ मंदिर पाणी फार खाली गेलं की वर येतं. चप्पल घालून, टोपी घालून, कणीस खात बघता येतं.

मावळची लेक | १३ जानेवारी, रात्री ९.१५

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

वर देवळांचं आलंय. देवळं वर येतात, फोटो निघतात, पेपरात येतात. शेतं वर आली तर कोणी फोटो काढत नाही, चिखल दिसतो नुसता. माझ्या आईचं माहेर धरणात गेलं. कुठलं धरण ते मीही लिहीत नाही. ती नऊ वर्षांची होती. तिला गाव नीट आठवत नाही असं ती म्हणते, पण शेत पावलापावलाने आठवतं.

दादा, तुम्ही बांध म्हणता त्याला ती ताल म्हणते. उतारावर दगड रचून पायऱ्या करायच्या आणि त्या पायऱ्यांवर भाताची खाचरं. चिपा मारलेल्या हे तुम्ही बरोबर पाहिलंत. चीप मारल्याशिवाय ताल एक पावसाळा काढत नाही, असं आजोबा म्हणायचे म्हणे. तो जो हातभर खंड आहे ना, तो पडलेला नाही, मुद्दाम ठेवलेला असतो. सांड म्हणतात त्याला. वरच्या खाचरातलं जादा पाणी तिथून खालच्या खाचरात जातं. सपाट दगड त्यासाठीच असतो. आवणी, म्हणजे भाताची लावणी, झाली की तो दगड सांडीत उभा करायचा, कडेच्या फटी चिखल आणि गवताने बुजवायच्या, पाणी कोंडून राहतं. भात पिकत आलं की दगड काढून बाजूला आडवा टाकायचा, म्हणजे खाचर सुकतं आणि कापणीला पाय रुतत नाहीत.

मी आईला तुमचा लेख वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला तिने. झिंग्याच्या मिश्यांना हसली. मग म्हणाली, त्यांना विचार, दगड उभा होता की आडवा?

तळ्यात-मळ्यात | १३ जानेवारी, रात्री ९.४८

ताई, उभा होता. चांगला घट्ट. गाळ उठला तेव्हा मी जो दगड धरून बसलो होतो तो तोच, आणि मी सगळ्या जोराने धरला होता तरी हलला नाही.

मावळची लेक | १३ जानेवारी, रात्री १०.०२

आई म्हणते, मग आवणी झालेली होती.

भोचक भवानी | १३ जानेवारी, रात्री १०.३०

फोटो अजूनही दिसत नाहीयेत. तो तपकिरीच टाका, पण टाका.